सिग्नल हुशार झाला म्हणतात, मग माझे डबे उशिरा का पोचतात?

डबेवाली, लोकमान्य नगर

नमस्कार. मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते, घरून डबे देते. दुपारचे ३४, रात्रीचे १९. दुपारचे जवळजवळ सगळे भंवरकुआँच्या बाजूला, कोचिंगच्या मुलांचे. त्यांचा एक क्लास पाऊणला सुटतो, दुसरा दीडला लागतो. तेवढ्यात डबा दारात नसला तर पोरगं समोसा खाऊन पळतं आणि संध्याकाळी डबा तसाच्या तसा परत येतो. दोनदा उशीर चालून जातो. तिसऱ्यांदा मेसेज येतो, "आंटी, कल से मत लाइएगा." गेल्या दीड महिन्यात असे चार मेसेज आले, म्हणून इथे विचारते आहे.

वाटेत एक मोठा चौराहा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की सगळे त्या चौराह्याची आपापली गाऱ्हाणी काढतील आणि माझा प्रश्न राहील बाजूला. चार रस्ते, चारही बाजूंना सिग्नल. ओलांडलं की साठ-सत्तर पावलांवर मॅजिक (सवारी नेणाऱ्या छोट्या व्हॅन) आणि ई-रिक्षांचा अड्डा. दिवाळीनंतर इथे नवे खांब आले, खांबांवर कॅमेरे आले, आणि पाटी लागली की आता हा सिग्नल गर्दी बघून आपली वेळ आपणच ठरवणार. मला खरंच आनंद झाला होता हो.

आधी माझ्या बाजूला लाल लागला की टायमरवर ८६ यायचे. आता ११२ येतात. हिरवा २४ होता, तो ३० झाला. म्हणजे सहा सेकंद दिले आणि सव्वीस काढून घेतले. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर १४ दिवस लिहून ठेवलं आहे. पहिल्याच हिरव्यात सुटले, असं ३ दिवस. दुसऱ्या हिरव्यात ८ दिवस. तिसऱ्यात ३ दिवस. (जे तीन दिवस पहिल्या फटक्यात सुटले, त्या तिन्ही दिवशी टायमर बंद पडलेला होता. त्याचा संबंध नसेल, पण वहीत आहे म्हणून लिहिते.)

मागच्या बुधवारी तिसऱ्या हिरव्याची वाट बघताना पुढच्या ई-रिक्षाने दोन हात पुढे जाऊन गचकन ब्रेक मारला. मीही मारला. पिशवीतला वरचा डबा कलंडला आणि आमटी थेट माझ्या चपलेत. झाकण घट्ट होतं, पण घट्ट झाकणालाही मर्यादा असते.

तर विचारायचं हे की, सिग्नल खरंच विचार करतो आहे की नाही, हे बाहेरून बघून कळतं का? करत असेल तर थांबावं जास्त का लागतं? आणि अर्ज करायचा तर त्यात लिहू काय? मुलगा म्हणतो गूगलला विचार. मी म्हटलं, आधी माणसांना विचारते.

कोडिंगकर, विजय नगर

काकू, मी याच क्षेत्रात आहे. कॅमेऱ्याच्या चित्रातून गाड्या ओळखायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो, म्हणून थोडं सांगतो.

असल्या सिग्नलला 'अॅडॅप्टिव्ह' म्हणतात. प्रत्येक बाजूची रांग मोजायची आणि जिकडे लांब तिकडे हिरवा जास्त द्यायचा, असं साधं तत्त्व. बेंगळुरूत सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची 'कोसिकॉस्ट' नावाची देशी प्रणाली लावली आहे, ती आपल्या मिश्र वाहतुकीसाठीच बनवलेली आहे. गूगलचा 'ग्रीन लाइट' प्रकल्प तर खांबसुद्धा मागत नाही. मॅप्स वापरणाऱ्या गाड्या कुठे किती थांबतात, कशा सुटतात, यावरून तो सिग्नलच्या वेळा सुचवतो आणि शहराचे इंजिनिअर त्या बदलतात. कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू इथे तो वापरला गेला आहे. गरीब शहरांना हे वरदान आहे, रस्ता खणायला नको, तारा टाकायला नकोत.

तुमच्या इथल्या प्रणालीला बहुधा अजून पुरेसा डेटा मिळालेला नाही. दोन-तीन महिने द्या, शिकेल ती.

डबेवाली, लोकमान्य नगर

दोन-तीन महिन्यांत माझी मुलं शिकून गावी जातील, बाळा.

जुना सिग्नलवाला

ताई, आधी त्या वहीला नमस्कार. मी ३१ वर्षं सिग्नलच्या वेळा लावायचं काम केलं, काही वर्षं इंदुरात, बाकी बाहेर. लोकांचे अर्ज यायचे ते एका ओळीचे, 'सिग्नल ठीक नाही, कृपया ठीक करावा'. आकडे देणारा माणूस मला नोकरीभरात चार-पाचदाच भेटला असेल.

आता तुमचे आकडे घेतो. ११२ लाल आणि ३० हिरवा, म्हणजे चक्र १४२ सेकंदांचं. आधी ८६ आणि २४, म्हणजे ११०. चक्र म्हणजे चारही बाजूंना एकेकदा हिरवा देऊन पुन्हा तुमच्यापाशी यायला लागणारा वेळ. दर वेळी बाजू बदलताना थोडा वेळ कोणाच्याच पदरात पडत नाही. हिरवा लागल्यावर पुढचा माणूस फोन खिशात टाकतो, बंद केलेली गाडी चालू करतो. शेवटी पिवळ्यात आणि चारही बाजूंना लाल असतानाच्या क्षणात आणखी जातो. बाजूला ४ सेकंद धरले तर चार बाजूंचे १६. हे १६ चक्र लहान असो की मोठं, जायचेच.

म्हणून साहेब लोकांना वाटतं, चक्र मोठं केलं की तोटा कमी. बरोबर आहे, पण किती कमी? ११० च्या चक्रात कामाचे ९४, म्हणजे शेकडा साडेपंच्याऐंशी. १४२ मध्ये कामाचे १२६, शेकडा पावणेएकोणनव्वद. रुपयातले तीन पैसे वाचवले आणि त्यासाठी तुम्हाला २६ सेकंद जास्त उभं केलं. त्या २६ सेकंदांत मागे रांग वाढते ती वेगळीच. मागचा चौराहा जवळ असला तर ती रांग तिथपर्यंत जाऊन त्यालाही अडकवते.

वेब्स्टर नावाच्या इंग्रजाने १९५८ मध्ये याचं सूत्र दिलं. आम्ही ते तोंडपाठ करून नोकरीला लागलो. वाया जाणाऱ्या वेळाची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि एकातून चौकावरचा भार वजा करून जे उरेल त्याने भागा. भार म्हणजे, चौकातून जितक्या गाड्या निघू शकतात त्यांच्या किती हिस्सा गाड्या येतात ते. तुमच्या १६ सेकंदांना भार पाऊण धरला तर ११६ चं चक्र येतं. भार ०.८ धरला तर १४५. तेव्हा १४२ हा आकडा हवेतून आलेला नाही, कोणीतरी किंवा कशाने तरी ०.८ च्या आसपास भार धरून काढलेला दिसतो. प्रश्न इतकाच की तो एकदा काढून ठोकून दिलाय, की रोज निघतोय. आणि गंमत बघा, भार ०.९५ वर गेला की सूत्र ५८० सेकंद म्हणतं, जवळजवळ दहा मिनिटं. म्हणजे ते तिथे हात जोडतं. रस्त्यावर जागाच नसेल तर वेळ वाटून काही होत नाही, हे १९५८ पासून माहीत आहे.

आता ओळखायचं कसं.

भल्या पहाटे, सहाच्या सुमारास जा आणि चक्र मोजा. तेव्हाही १४२ भरलं तर तो सिग्नल गर्दी बघत नाही, भिंतीवरच्या घड्याळाइतकाच हुशार आहे. दुसरी खूण तुमच्या टायमरची. लाल लागल्या क्षणी जो ११२ लिहून मोकळा होतो, त्याने ११२ सेकंदांचा निर्णय आधीच घेतलेला असतो. गर्दी बघून वेळ बदलणाऱ्याला पुढचा आकडा आधी सांगताच येत नाही, म्हणून अशा ठिकाणी टायमर बंद ठेवतात किंवा शेवटचे काही सेकंदच दाखवतात. लोकांना टायमर फार प्रिय, तो काढला की तक्रारी येतात. मग कंत्राटदार टायमर चालू ठेवतो आणि हुशारी बंद करतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गाव सांगत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती तुम्ही कंसात लिहिलीत. टायमर बंद असलेल्या तिन्ही दिवशी तुम्ही पहिल्या हिरव्यात सुटलात. तो टायमर 'बंद पडलेला' नव्हता ताई. सिग्नलची पेटी उघडून तो हाताने चालवला की टायमर बंद होतो. त्या तीन दिवशी तिथे हवालदार असणार. पुढच्या वेळी बघा, तो कुठे तोंड करून उभा असतो.

आणि अड्ड्याकडे बघा. आपल्याकडे सिग्नलचं जे जुनं मानक आहे, इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९३, १९८५ सालचं, त्यात रस्त्याच्या रुंदीवरून हिशेब आहे. रस्ता साडेपाच मीटरहून रुंद असला की सगळ्या रुंदीला दर मीटरमागे ५२५ गाड्या. सात मीटरचा रस्ता मोकळा असेल तर तासभर हिरवा धरून ३६७५ कारएवढी वाहनं निघतात, म्हणजे सेकंदाला एक. त्यात डाव्या बाजूला मॅजिक उभी राहिली, साडेचार मीटर उरले, की त्याच तक्त्यात आकडा २२५० वर येतो. एका मॅजिकने शंभरातले जवळजवळ चाळीस खाल्ले. पुढे सीआरआरआय या सरकारी रस्ते संशोधन संस्थेने इंडो-एचसीएम नावाची नवी नियमपुस्तिका काढली, त्यात नवी सूत्रं आहेत, पण मॅजिक तिथेच उभी आहे. तुमच्या इथे ती सिग्नलच्या अलीकडे नाही, पलीकडे उभी राहते. ते आणखी वाईट. का, ते बघून या, मग बोलू.

मधल्या लेनची प्रवासी

मी २०१३ पासून विजय नगर ते नवलखा आयबसने, म्हणजे बीआरटीएसच्या फक्त बससाठी राखलेल्या लेनमधल्या बसने जायचे. साडेअकरा किलोमीटरचा मधला पट्टा, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत. कारवाले बाजूच्या रांगेतून माझ्या बसकडे बघायचे, ती नजर मला अजून आठवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने बीआरटीएस काढायला मान्यता दिली. मधला पट्टा रिकामा दिसतो आणि बाजूला गाड्या तुंबतात, हे सगळ्यांना खुपत होतं. रिकामा दिसणारच ना! बस काही मिनिटांनी एकदा जायची, पण गेली की साठ माणसं घेऊन जायची.

जुन्या सिग्नलवाल्या काकांचा सगळा हिशेब कारच्या मापात आहे. मोठी बस त्या मापात तीन-साडेतीन कार. पण आत माणसं साठ, आणि कारमध्ये एक साहेब आणि त्यांची लॅपटॉपची बॅग. सिग्नल हुशार करायचाच असेल तर त्याला माणसं मोजायला शिकवा. नव्या सार्वजनिक गाड्यांना २०१९ पासून ट्रॅकिंगचं यंत्र सक्तीचं आहे, म्हणजे बस कुठे आहे हे कळू शकतं. बस जवळ आली की हिरवा पाच-सात सेकंद लांबवायचा. जगभर करतात. त्यात विज्ञानाचा काही चमत्कार नाही, फक्त कारवाल्याला पाच सेकंद थांबवायची हिंमत लागते.

मेट्रोचं म्हणाल तर ३१ मे २०२५ ला सुरू झाली, सुपर कॉरिडॉरवर सहाएक किलोमीटर, पाच स्टेशनं. छान आहे. माझ्या कामाच्या रस्त्यावर नाही.

जुना सिग्नलवाला

माणसं मोजायचा मुद्दा शंभर टक्के मान्य. नोकरीत असताना एकदा मी हे फाइलवर लिहिलं होतं. फाइल परत आली, शेरा होता 'चर्चा करावी'. ती चर्चा अजून बाकी आहे.

दांडिया बाजारकर, बडोदा

इंदूरचा नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे नवरात्रात रात्री बारानंतर गरबे सुटतात आणि पाऊण-एकच्या सुमारास रस्त्यावर जी गर्दी होते ती सकाळच्या ऑफिसच्या गर्दीला मागे टाकेल. चनिया-चोळीतल्या तीन-तीन मुली एका अॅक्टिव्हावर. घड्याळावर चालणारा सिग्नल काय समजतो? रात्र आहे, शहर झोपलंय. बसतो पिवळा मिचकावत. नऊ रात्री रस्त्यावर माणूस उभा करावा लागतो. तेव्हा गर्दी बघणारा सिग्नल हवाच हो, नको म्हणू नका. तो खरा असला पाहिजे एवढंच.

कोडिंगकर, विजय नगर

काका, टायमरचा मुद्दा मला माहीत होता, पण तो बाहेरून ओळखायची खूण म्हणून कधी वापरला नव्हता. मान्य.

पण एक सांगतो. तुमच्या पिढीचे सेन्सर आपल्या रस्त्यांसाठी नव्हतेच. ऑस्ट्रेलियाची स्कॅट्स, ब्रिटनची स्कूट, दोन्ही रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांवर उभ्या राहिल्या. गाडी एका लेनमधून एकामागे एक जाणार, हे त्यात गृहीत. आपल्याकडे एका लेनमध्ये कार, तिच्या डाव्या खांद्याला स्कूटर, उजव्या खांद्याला सायकल आणि मध्ये तोंड घालणारी रिक्षा. वेटोळ्याला ते सगळं मिळून एक काहीतरी मोठं वाटतं. शिवाय पाण्याच्या पाइपासाठी रस्ता खणला की वेटोळं तुटतं. कॅमेऱ्याचं तसं नाही.

जुना सिग्नलवाला

कॅमेऱ्याचं कसं आहे, तेही सांगून टाका. रात्री, पावसात.

कोडिंगकर, विजय नगर

रात्री पावसात ओल्या रस्त्यावर हेडलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि आमचं सॉफ्टवेअर एका मोटरसायकलच्या दोन मोजतं. बसच्या मागे दडलेल्या चार स्कूटर मोजतच नाही. एका शहरात आम्ही ई-रिक्षांची पुरेशी चित्रं न दाखवताच प्रणाली लावली होती, तिला सगळ्या ई-रिक्षा छोट्या ट्रकसारख्या वाटायच्या. झालं समाधान?

जुना सिग्नलवाला

झालं. खरं बोललात, आता तुमच्यावर माझा जास्त विश्वास बसला.

रामबागेतला म्हातारा

मंडळी, थोडं जुनं सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश गृहस्थ होळकर दरबाराने इंदूरला बोलावला होता. १९१८ चा त्याचा अहवाल आहे. जुन्या गल्ल्या सरसकट पाडायच्या नाहीत, अडलेली जागा तेवढी मोकळी करायची, असं त्याचं म्हणणं. प्लेगचे दिवस होते. त्याने दिवाळीला मोठी मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यावरची घरं आणि अंगणं सगळ्यात झाडलेली-सारवलेली असतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. सगळं शहर झाडू घेऊन बाहेर पडलं.

ताई, तुमच्या चौराह्यावरून एखादी मिरवणूक नेता येते का बघा. मंत्री येतात त्या दिवशी तो मॅजिकचा अड्डा असतो का हो तिथे?

आणि आपल्याच इंदूरचं आणखी एक. दान केलेले अवयव न्यायचे असतात तेव्हा ग्रीन कॉरिडॉर करतात, म्हणजे रुग्णवाहिकेसाठी सगळी वाट मोकळी ठेवतात. वायरलेस आणि चौकाचौकात माणसं, एवढ्यावर ते काळीज गर्दीच्या वेळेला विमानतळापर्यंत पोचतं. तेव्हा यंत्र कोणतं असतं? कचऱ्याच्या गाडीवर जीपीएस आहे, ती गल्ली चुकली की कोणाला तरी फोन जातो आणि ती मागे फिरून येते. सिग्नलवरची मॅजिक हटली नाही तर फोन कोणाला जातो, हे मला ७६ व्या वर्षीही कळलेलं नाही.

डबेवाली, लोकमान्य नगर

सगळ्यांना धन्यवाद. बघून आले. सविस्तर लिहिते.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी पहाटे चोइथराम मंडीत भाजीला जाते, तेव्हा वाट थोडी वाकडी करून चौराह्यावर थांबले. ६ वाजून १० मिनिटं. एक दूधवाला, दोन कुत्री आणि मी. फोनवर मोजलं. १४२. पुन्हा मोजलं. १४२. दूधवाला माझ्याकडे बघत लाल तोडून निघून गेला. मी मात्र ११२ सेकंद उभी राहिले, कारण मोजायला आले होते, आणि कॅमेरा होता.

मग शनिवारी मुलांची परीक्षा होती, डबे अर्धेच होते, ते मुलाने नेले. मी साडेबारापासून पलीकडच्या पानवाल्याच्या फळीला टेकून उभी. आठ चक्रं मोजली. आठांपैकी पाच वेळा असं झालं की हिरवा लागला, पहिल्या रांगेतले लोक चौराह्याच्या मध्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. पुढे जायला जागाच नाही! अड्ड्यावर एका वेळी तीन ते पाच मॅजिक, त्यातली एक नेहमी तिरकी, तोंड रस्त्यात, कारण सरळ लावली तर मागची तिच्या आधी सवारी पळवेल. शेजारी ई-रिक्षा. आठ-दहा सेकंद असेच जायचे, मग थोडं हलायचं, तोवर टायमरवर १५. माझा ३० चा हिरवा खरा १८-२० चाच होता. उरलेल्यात आम्ही चौराह्याच्या मध्यभागी उभे राहून दुसऱ्यांचा हिरवा खात होतो. काका, 'आणखी वाईट' म्हणजे काय ते कळलं. आम्ही अडकलो की चारही बाजू अडकतात.

एक वाजायच्या थोडं आधी हवालदार आले. पेटी उघडली, आणि टायमरवर दोन आडव्या रेघा! वहीतल्या तीन दिवसांसारख्याच. ते कुठे तोंड करून उभे होते सांगू? आम्हा थांबलेल्यांकडे पाठ आणि अड्ड्याकडे तोंड. आधी शिट्टी मारून तिरकी मॅजिक सरळ करवली. जागा झाली तेव्हा हिरवा दिला. जागा भरली की बंद. कधी १५ सेकंद, कधी ४०.

मी विचारलं, "भैया, कैमरा तो है, फिर आप क्यों?" ते म्हणाले, "कैमरा लाइन देखता है मैडम. आगे जगह नहीं है तो हरा देके क्या करूँ?" मग म्हणाले, रोज इथे येता येत नाही, कुठे बंदोबस्त लागला की जावं लागतं. मी त्यांना पाणी दिलं. पानवाला म्हणाला, काकू, आता रोज याल का? गिऱ्हाइकं तुम्हाला अधिकारी समजून बिचकतात.

तर काका, अर्जात लिहू काय?

जुना सिग्नलवाला

अर्ज एका पानाचा करा. दुसरं पान कोणी उलटत नाही. 'हुशार सिग्नल बिघडला' असं लिहू नका, कोणाचं तरी बिल थांबायची भीती वाटली की उत्तर 'प्रणाली सुरळीत आहे' असंच येतं. आकडे लिहा. पहाटे ६:१० ला चक्र १४२, दुपारी १ ला चक्र १४२. आठ चक्रांपैकी पाचांत पुढे जागा नसल्याने हिरवा वाया.

मागणी दोनच ठेवा. पहाटे आणि रात्री चक्र छोटं करा, ते तर कळफलकावर बसून होतं. आणि अड्डा शंभर पावलं पुढे, रस्ता रुंद होतो तिथे सरकवा. हटवा म्हणू नका. हटवला तर तीन दिवसांत परत येतो, कारण सवारी तिथेच उतरते. ते मॅजिकवालेही पोटासाठीच उभे आहेत.

तिसरी मागणी जिभेवर आली असेल, पलीकडच्या बाजूलाही कॅमेरा लावा म्हणून. लिहू नका. पहिल्या दोन लांबणीवर टाकायला ती उपयोगी पडेल. टेंडर निघेल.

कोडिंगकर, विजय नगर

काका, तो कॅमेरा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे पण. पुढची जागा भरली असेल तर हिरवा अडवायचा, एवढा एक नियम घातला तर हवालदार करतात तेच यंत्र करेल. आणि ते रोज करेल, बंदोबस्ताला जाणार नाही.

जुना सिग्नलवाला

करेल. हिरवा अडवेल. पण तिरकी मॅजिक सरळ कोण करवणार? तुमच्या यंत्राला शिट्टी आहे का?

मधल्या लेनची प्रवासी

ताई, अर्जात हेही घाला की सवारी तिथे उतरते कारण बसथांबा दूर आहे. काकांनी दोनच मागण्या सांगितल्यात, मला ठाऊक आहे. तरी घाला.

डबेवाली, लोकमान्य नगर

बावीस दिवसांनी लिहिते. अर्ज दिला, पोच घेतली. बसथांब्याचं नाही घातलं, माफ करा ताई, पानावर जागा उरली नाही.

आज शुक्रवार, मंडीला जाताना मोजलं. पहाटे ६:१० ला चक्र ८८. दोनदा मोजलं. टायमर लाल लागल्या क्षणीच आकडा सांगून मोकळा होतो, म्हणजे विचार नाहीच करत, पण निदान सकाळ झाल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं आहे. दुपारी एकला अजून १४२च.

अड्ड्यासाठी शंभर पावलं पुढे पिवळ्या पट्ट्यांची जागा आखली आहे. छान रुंद जागा आहे. तिथे सध्या नारळपाण्याचा ठेला उभा राहतो. मॅजिक जुन्या जागी, एक तिरकी.

मी आता घरून १२:१० ला निघते. त्यासाठी कणीक रात्रीच मळून ठेवावी लागते आणि पोळ्या पहिल्यासारख्या मऊ राहत नाहीत, मुलांनी अजून ओळखलेलं नाही. हवालदार असले की आधी पोचते, मग हॉस्टेलच्या जिन्यावर बसून राहते. काल होते. वहीत लिहिलं आहे.